हिंग्वष्टकांतील ‘आठवा भाग’

पोटाची क्षुल्लक पण चिवट तक्रार हा इतिहाससंशोधनाचा विषय होऊं शकतो काय, अशी शंका या त्रैमासिकाच्या वाचकांस येणें साहजिक आहे. सनदा, तहनामे, ताम्रपट यांच्या पंक्तीस हिंगाचा खडा आणून बसविणें कित्येकांस अप्रशस्तही वाटेल. तथापि एखाद्या जुन्या वाक्याचा अर्थ निश्चित करावयाचा तर तें वाक्य ज्या वस्तूविषयीं आहे ती वस्तु त्या काळीं कशी होती, कोठून येत होती व कोणत्या रूपानें हातीं पडत होती, हें पाहिल्यावांचून गत्यंतर नसतें. हा नियम दस्तऐवजांस जसा लागू आहे तसाच वैद्यकग्रंथांसही आहे. तो आम्हांस कसा शिकावा लागला, तें प्रथम सांगतों.

अध्यापनाच्या कामांतून निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनीं आम्हांस भोजनोत्तर पोट जड होणें, गुबारा धरणें आणि तिसऱ्या प्रहरीं करपट ढेकर येणें असा त्रास सुरू झाला. दुखणें असें मोठें नव्हे, पण पाठ सोडीना. डॉक्टरांनीं यथासांग तपासणी करून भयाचें कारण नाहीं असा निर्वाळा दिला. तेव्हां संस्कृताचा अभिमान जागा होऊन आम्हीं वाग्भटाचें ‘अष्टांगहृदय’ काढलें, त्यांतील प्रसिद्ध हिंग्वष्टक चूर्णाचा श्लोक वाचला, ओळखीच्या व्यापाऱ्याकडून उत्तम शुद्ध हिंग मागविला आणि आठही द्रव्यें समभाग कुटून, वस्त्रगाळ करून, सकाळीं अनशेपोटीं ऊन पाण्याबरोबर घेण्यास आरंभ केला. तीन दिवसांत छातींत जळजळ, मळमळ आणि सर्व घरभर दर्प, एवढें फळ पदरीं पडलें. आमच्या वडील भगिनी त्या सुमारास घरीं आल्या होत्या. त्यांनीं डबी हुंगून एकच प्रश्न केला, “अरे, हिंग तुपांत फुलवून घेतलास का?” तो आम्हीं फुलविला नव्हता, कारण श्लोकांत तसें सांगितलेलें नाहीं! या एका प्रश्नांतून प्रस्तुत लेखाचा उगम झाला आहे.

(१) योग व त्याचें स्थान

हिंग्वष्टकाचा श्लोक ‘अष्टांगहृदया’च्या चिकित्सास्थानांत, गुल्मचिकित्सेच्या चौदाव्या अध्यायांत येतो. वाग्भटाचा काळ सामान्यतः इसवी सनाचें सातवें शतक मानितात. सुंठ, मिरें, पिंपळी, अजमोदा, सैंधव, दोन प्रकारचें जिरें आणि हिंग अशीं आठ द्रव्यें त्यांत आहेत, आणि तें चूर्ण तुपांत कालवून जेवणाच्या पहिल्या घांसाबरोबर घ्यावें, म्हणजे जठराग्नि प्रदीप्त होतो व वातगुल्म नाहींसा होतो, असा त्याचा आशय आहे. मूळ योग गुल्माच्या प्रकरणांतला असला तरी पुढील संग्रहकारांनीं तो अग्निमांद्याच्या प्रकरणांत घेतला. ‘भैषज्यरत्नावली’ हा ग्रंथ याचें उदाहरण होय. गुल्मासारख्या दारुण व्याधीवरील औषध अशा रीतीनें हळूहळू रोजच्या अजीर्णावर उतरून स्वयंपाकघरांत येऊन बसलें.

महाराष्ट्राचा वाग्भटाशीं संबंध जुना आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें तेराव्या शतकांत ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, आणि १८८० सालीं डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं संपादिलेली या ग्रंथाची आवृत्ति मुंबईस निघाली. तेव्हां हा ग्रंथ आमच्याकडे परका नव्हे. परंतु ग्रंथ परका नसला तरी त्यांतील द्रव्यांविषयीं सावध रहावें लागतें. अजमोद्याच्या ठिकाणीं आमच्याकडील पुष्कळ वैद्य ओवा घालतात. दुसरें जिरें म्हणजे शहाजिरें घेतात. येथें नामसाम्यानें कडू जिरें कोणीं घालूं नये. तें निराळ्याच वनस्पतीचें बीं असून कृमींवर देण्याचें औषध आहे.

(२) ‘अष्टम’ शब्दाचा विचार

वादाचें खरें स्थान हिंगाच्या प्रमाणाचें आहे. वाग्भट म्हणतो कीं द्रव्यें समान तोलानें घ्यावीं आणि हिंगाचा भाग ‘अष्टम’ असावा. आतां ‘अष्टम’ म्हणजे काय? क्रमानें आठवा, कीं आठवा हिस्सा? पहिला अर्थ घेतला तर हिंग हा आठवा घटक होऊन त्याचा भाग इतरांइतकाच होतो. दुसरा घेतला तर हिंग एक अष्टमांश होतो. कित्येक वैद्यांच्या तोंडून आम्हीं तिसराच अर्थ ऐकला आहे, तो असा कीं इतर सात द्रव्यें एक एक तोळा घ्यावीं आणि हिंग एका तोळ्याचा आठवा हिस्सा, म्हणजे दीड मासा घालावा.

व्याकरणाकडे पाहिलें तर निर्णय होत नाहीं. पाणिनीनें पांचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत पूरणवाचक शब्दांपासून ‘भाग’ या अर्थीं प्रत्यय सांगितले आहेत, आणि षष्ठ व अष्टम या दोन शब्दांपुरता विशेष नियमही केला आहे. त्या नियमानें आठव्या हिश्शास ‘आष्टम’ असें म्हणतां येतें, पण ‘अष्टम’ हेंही रूप शुद्धच ठरतें. म्हणजे वाग्भटानें ‘आष्टम’ लिहिलें असतें तर हिस्सा हा अर्थ निर्विवाद झाला असता. ‘अष्टम’ लिहिल्यामुळें दोन्ही वाटा मोकळ्या राहिल्या. शिवाय श्लोक मालिनी वृत्तांत आहे. त्या वृत्तांत प्रत्येक चरणाचीं पहिलीं सहा अक्षरें लघु आणि लगेच दोन गुरु, अशी कडक व्यवस्था असल्यामुळें गद्यांत एका वाक्यानें झाला असता तो खुलासा करण्यास कवीस अवकाश नव्हता.

व्याकरण जेथें थांबतें तेथें साधें अंकगणित उपयोगी पडतें. सात द्रव्यें सात तोळे आणि हिंग एक तोळा मिळून चूर्ण आठ तोळे होतें. या संपूर्ण चूर्णाचा आठवा हिस्सा किती? एक तोळाच! म्हणजे ‘अष्टम’ शब्दाचा क्रमवाचक अर्थ घ्या किंवा एकंदर चूर्णाचा अष्टमांश हा अर्थ घ्या, तोल तोच येतो. ज्या दोन अर्थांवरून वाद व्हावा ते तागडींत एकच ठरतात. केवळ इतर सात तोळ्यांचा अष्टमांश धरला तरी हिंग साडेदहा मासे येतो. फरक दीड माशाचा. खरोखर निराळा पडतो तो तिसरा अर्थ. त्यांत हिंग एकंदर चूर्णाच्या सत्तावन्नाव्या हिश्शावर येतो. पण त्यासाठीं ‘एका भागाचा’ हे शब्द पदरचे घालावे लागतात. शार्ङ्गधराची परिभाषाही अशी आहे कीं जेथें प्रमाण सांगितलेलें नसेल तेथें समभाग समजावा. तेव्हां शब्दार्थाच्या दृष्टीनें समभागाचा पक्षच बलवत्तर आहे. भारत सरकारच्या ‘आयुर्वेदिक फॉर्म्युलरी’मध्येंही हिंग्वष्टकाचीं आठही द्रव्यें समभागच दिलीं आहेत.

मग तिसरा पक्ष उत्पन्न तरी कां झाला? आणि समभागानें केलेलें चूर्ण आम्हांस कां बाधलें? याचें उत्तर श्लोकांत नाहीं. तें हिंगांत आहे.

(३) नांवांची साक्ष

मराठी घरांत हिंगाइतकें घरगुती दुसरें काय असेल? तान्ह्या मुलाच्या बेंबीभोंवतीं हिंगाचा लेप, ताकांत हिंग-जिरें, वरणास हिंगाची फोडणी. एखाद्याची उपेक्षा झाली तर त्यास कोणी हिंग लावून विचारीत नाहीं, असें आपण म्हणतों. पण हा इतका घरचा पदार्थ शतकानुशतकें बाहेरूनच येत आहे, आणि त्याचीं संस्कृत नांवेंच तसें सांगतात. अमरकोशांत हिंगाचीं सहस्रवेधि, जतुक, बाल्हीक व रामठ अशीं नांवें एकत्र दिलेलीं आहेत. बाल्हीक म्हणजे बल्ख प्रांतांतील. रामठ हें वायव्येकडील एका लोकसमूहाचें नांव असून तें महाभारतांत आढळतें. जतुक या नांवांत लाखेसारखा चिकटपणा आहे, तर सहस्रवेधींत त्याच्या तीव्रतेची कबुली. सातव्या शतकांत ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूनें हल्लींच्या गझनीच्या बाजूच्या प्रदेशाचें वर्णन करितांना तेथील एका खोऱ्यांत हिंगाचें झाड होतें, अशी नोंद केली आहे. वाग्भटाचा काळ सातव्या शतकाचा धरिला तर ही नोंद त्याच्या समकालीनच ठरते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंचविसाव्या अध्यायांत निरनिराळ्या कार्यांस श्रेष्ठ अशा द्रव्यांची यादी आहे. तींत अग्निदीपन करणाऱ्या व वातकफ शमविणाऱ्या द्रव्यांमध्यें श्रेष्ठ म्हणून जें सांगितलें आहे तें नुसतें हिंगु नव्हे, तर हिंगुनिर्यास, म्हणजे झाडाचा पाझरलेला चीक होय. ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. जर्मन वैद्य केंफर यानें इराणांत स्वतः पाहून १७१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हा चीक काढण्याची रीत वर्णिली आहे. झाडाचें जाड मूळ उघडें करून त्याचा वरचा भाग छाटतात, उन्हापासून तें झांकून ठेवितात, कांहीं दिवसांनीं वर सांचलेला चीक खरवडून घेऊन पुन्हा पातळ चकती कापतात, आणि मूळ आटेपर्यंत हाच क्रम चालतो. अशा मालाच्या रंगांत व शुद्धतेंत फरक पडावयाचाच.

(४) गोव्यांतील एक साक्षीदार

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला आणि १५६८ मध्यें तेथेंच वारला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींही त्यानें वैद्यकी केली होती. त्याचा औषधिद्रव्यांविषयींचा संवादात्मक ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांतील एक संवाद मुख्यतः हिंगावर आहे. हिंदुस्थानांत औषधांत व अन्नांत हिंगाइतकें दुसरें कांहींच वापरांत नाहीं, असें त्याचें निरीक्षण असून स्वच्छ चमकदार आणि मातकट गढूळ असे हिंगाचे दोन प्रकार तो सांगतो.

त्यानें दिलेली एक हकीकत येथें संक्षेपानें देतों. विजयनगरांत एका पोर्तुगिजाजवळ एक मौल्यवान घोडा होता, पण त्यास वाताचा विकार असल्यामुळें राजा तो घेईना. पोर्तुगिजानें घोड्यास पिठांतून पुष्कळ हिंग चारिला व घोडा बरा झाला. मग राजानें तो चांगल्या किंमतीस विकत घेतला आणि उपाय काय केला तें विचारिलें. हिंगाचें नांव ऐकून राजा म्हणाला कीं यांत नवल तें काय, तूं त्यास देवांचें खाद्य दिलेंस. यावर तो पोर्तुगीज, अर्थात् राजास कळणार नाहीं अशा स्वभाषेंत, त्यास सैतानाचें खाद्य म्हणणें अधिक शोभेल, असें पुटपुटला.

गोष्ट विनोदाची खरी, पण तींत आमच्या विषयाचे दोन धागे आहेत. घोड्याचा विकार वाताचा होता, म्हणजे औषधाची योजना वाग्भटाच्या शास्त्राशीं जुळती होती. आणि हिंग नुसता न देतां पिठांतून दिला. तीव्र वस्तु सौम्य वस्तूंत मिसळून देणें हें घोड्याच्या बाबतींतही लोकांस ठाऊक होतें, तें आम्हां संस्कृतज्ञांस ठाऊक नव्हतें!

(५) मुंबईचा बाजार आणि पिठांतला हिंग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९० ते १८९३ च्या दरम्यान, डायमॉक व त्यांचे सहकारी यांचा हिंदी औषधींवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डायमॉक मुंबईंत असल्यामुळें तेथील बाजाराची माहिती त्यांत विपुल आहे. त्या वेळीं मुंबईंत हिंग व हिंगडा असा स्पष्ट भेद केला जाई. येथील गिऱ्हाइकें ज्यास खरा हिंग मानीत तो महाग असे, आणि युरोपांत जो माल जाई त्यास येथें हिंगडा म्हणून हलका लेखीत. म्हणजे ‘हिंग’ हा शब्द एक असला तरी त्याखालीं माल एक नव्हता.

आज हा फरक आणखी वाढला आहे. घरोघर डबींतून जो हिंग येतो तो बहुधा बांधानी हिंग, म्हणजे कच्च्या हिंगांत खाण्याचा डिंक व गव्हाचें किंवा तांदळाचें पीठ मिसळून बांधलेला असतो. उत्तर प्रदेशांतील हाथरस हें या धंद्याचें नामांकित ठिकाण होय. हें मिश्रण कायद्यास मान्य आहे व त्यास लबाडी म्हणतां येणार नाहीं. २०११ च्या अन्नसुरक्षाविषयक विनियमांत मद्यार्कांत विरघळणारा अंश बांधानी हिंगांत शेंकडा ५ हून कमी नसावा, असें ठरविलें आहे. शुद्ध हिंगाचा एक तोळा हा अर्थातच बांधानी हिंगाच्या एका तोळ्याहून पुष्कळ तीव्र ठरतो.

आतां तिन्ही पक्ष जवळ ठेवून पहावे. आमच्या मातोश्री चूर्ण करीत तेव्हां सर्व जिन्नस वाटीनें मोजीत आणि हिंगाचा मात्र हरभऱ्याएवढा खडा तुपांत फुलवून घालीत. त्यांचा खडा शुद्ध, महाग व उग्र असे. तिसऱ्या पक्षाचा दीड मासा हा असल्या घरगुती अनुभवाला मागाहून जोडलेला शास्त्रार्थ असावा, असें आमचें अनुमान आहे. उलट आजचा मनुष्य मातोश्रींच्या प्रमाणानें बांधानी हिंगाचा खडा घालील तर त्याच्या चूर्णांत हिंग नांवालाच राहील. चूर्णानें गुण येत नाहीं अशी तक्रार करणारा कित्येकदां पीठच खात असतो. ज्यांस गहूं सोसत नाहीं त्यांनीं तर डबीवरील मजकूर अवश्य वाचावा.

राहिला आमचा प्रमाद. शार्ङ्गधरानें मध्यखंडांत चूर्णांची सामान्य परिभाषा सांगितली आहे. तींत चूर्णांमध्यें हिंग भाजूनच घालावा, म्हणजे तो मळमळ करीत नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. भगिनींनीं विचारिलेला प्रश्न तो हाच! त्यांनीं शार्ङ्गधर वाचलेला नाहीं आणि आम्हीं वाचलेला असून आमच्या ध्यानांत राहिला नव्हता. वाग्भटानें हिंग भाजण्याविषयीं कांहीं लिहिलें नाहीं, तें बहुधा सर्वांस ठाऊक असल्यामुळें लिहिलें नसावें. जें त्यानें लिहिलें होतें, म्हणजे तूप आणि पहिला घांस, तेंही आम्हीं सोडून दिलें होतें. तीव्र निर्यास, न भाजलेला, तूप नाहीं, अन्न नाहीं, पोट रिकामें. मग जळजळ होईल नाहीं तर काय!

(६) उपसंहार

पुढें आम्हीं शुद्ध हिंग तुपांत फुलवून, मातोश्रींच्या बेतानें थोडाच घालून, चिमूटभर चूर्ण पहिल्या भाताच्या घांसाबरोबर घेऊं लागलों. रात्रीचें जेवणही कमी केलें. महिन्याभरांत आराम पडला. यांत चूर्णाचा वांटा किती व मिताहाराचा किती, हें सांगणें कठीण आहे, आणि एका मनुष्याच्या पोटावरून सिद्धांत काढणें हें एका नाण्यावरून राजवंशाची वंशावळ लिहिण्यासारखें होईल.

जुन्या योगाची मर्यादाही ओळखली पाहिजे. वॉरन व मार्शल या ऑस्ट्रेलियांतील दोघां वैद्यांनीं १९८२ सालीं जठरांतील एका जंतूचा शोध लाविला आणि त्यासाठीं २००५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. जठरव्रणाच्या पुष्कळशा रोग्यांच्या मुळाशीं हा जंतु असतो. हिंग्वष्टकानें तो जातो असें समजून कोणीं बसूं नये. वजन घटणें, गिळण्यास अडणें, वारंवार ओकारी, रक्त पडणें किंवा काळा मळ होणें यांपैकीं एकही लक्षण असेल, अथवा उतारवयांत त्रास नव्यानेंच सुरू झाला असेल, तर ग्रंथ मिटून डॉक्टरांकडे जावें. आम्हींही तपासणी आधीं करविली व श्लोक मागाहून उघडला. तो क्रम उलटा करूं नये. चूर्णांत सैंधव असल्यामुळें रक्तदाबाच्या रोग्यांनीं, तसेंच गर्भिणींनीं व रक्त पातळ करण्याचें औषध घेणाऱ्यांनीं, तें विचारल्यावांचून घेऊं नये.

ऑक्टोबर २०२० मध्यें पालमपूर येथील संशोधनसंस्थेनें हिमाचलांतील लाहौल खोऱ्यांत, क्वारिंग गांवीं, हिंगाचें रोप लाविलें. त्या वेळीं आपल्या देशांत दर वर्षीं सुमारें १२०० टन कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तान येथून येत असे. पुढेंमागें हिंग या देशांत मुबलक पिकला तर ‘बाल्हीक’ हें नांव केवळ कोशांत उरेल, आणि हिंगाचा गुणही कदाचित् बदलेल. तेव्हां जुन्या प्रमाणांचा अर्थ लावणें आणखी अवघड होईल.

म्हणून शेवटीं वाचकांस एक विनंति आहे. आपण वाड्यांचीं दप्तरें धुंडाळतों, पण घरांतील वृद्ध स्त्रियांच्या ठायीं जें दप्तर आहे त्याची नक्कल कोणी करीत नाहीं. हिंग कशांत फुलवीत, किती घालीत, कोणत्या वाटीनें मोजीत, शहाजिरें घालीत कीं नाहीं, ही माहिती आपापल्या घरीं विचारून गांवाच्या व तालुक्याच्या नांवासह लिहून ठेवावी. वाग्भटानें जें गृहीत धरून सोडून दिलें तें हेंच होय, आणि तें सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. आमच्या भगिनींचें वय एक्याऐंशीं आहे. त्यांनीं सांगितलेलीं प्रमाणें आम्हीं लिहून घेण्यास आरंभ केला आहे.